थोरले शाहू महाराज औरंगजेबाच्या छावणीत कैदी होते की घरचे?

तुम्ही विचारलं आहे ते थोडक्यात असं : मुलगी शाळेच्या निबंधासाठी थोरल्या शाहू महाराजांची माहिती जमवत होती. एका ठिकाणी तिला ‘अठरा वर्षं मोगलांच्या कैदेत’ असं सापडलं आणि दुसऱ्या ठिकाणी ‘बादशहाच्या मुलीने पोटच्या पोरासारखं सांभाळलं’ असं. दोन्ही एकदम कसं खरं असेल, असं तिने विचारलं. बादशहाची मुलगी दिल्लीचा लाल किल्ला सोडून दख्खनच्या तंबूत काय करत होती, हा तिचा पुढचा प्रश्न. शिवाय या बेगमेचं संभाजी महाराजांवर मन जडलं होतं, असंही कुणीतरी तिला सांगितलं आहे.

मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. मी तीसेक वर्षं औरंगजेबाच्या दरबारचे फारसी अखबार, म्हणजे दरबारची हस्तलिखित बातमीपत्रं, आणि त्यांच्या जोडीने मोडी कागद वाचतो आहे. दोन विधानं एकमेकांना छेद देतात हे दिसल्यावर तिथेच थांबायचं, ही सवय लागायला मला बरीच वर्षं लागली.

खरी अडचण शाहू महाराजांच्या चरित्रात नाही. ‘कैद’ म्हटलं की आपल्याला कोठडी दिसते, ‘कुटुंब’ म्हटलं की घर दिसतं, आणि ‘मोगल बादशहाचं घर’ म्हटलं की दिल्ली-आग्र्याचे संगमरवरी महाल. औरंगजेबाच्या उत्तरायुष्याला या तिन्हींपैकी काहीच लागू पडत नाही. म्हणून आधी त्याचं घर कुठे होतं ते पाहू.

मोगलांत दरबार शहराला बांधलेला नसे. बादशहा जिथे, तिथे दरबार. औरंगजेबाने सप्टेंबर १६८१ मध्ये अजमेर सोडलं आणि तो दक्षिणेकडे निघाला. वाटेतच थोरली बहीण जहाँआरा दिल्लीत वारल्याची बातमी त्याला मिळाली. तीन दिवस मुक्काम करून त्याने शोक पाळला आणि कूच पुढे चालू ठेवलं. बुऱ्हाणपूर करून मार्च १६८२ मध्ये तो औरंगाबादला पोचला. पुढची पंचवीस वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, तो उत्तरेत परतलाच नाही. विजापूर, गोवळकोंडा, अकलूज, कोरेगाव, गलगले, ब्रह्मपुरी, शेवटी अहमदनगर, असं त्याचं घर फिरत राहिलं.

हे घर केवढं होतं? नेपल्सचा प्रवासी जेमेली करेरी मार्च १६९५ मध्ये कृष्णाकाठच्या गलगल्याच्या छावणीत आला होता. छावणीचा घेर तीस मैल, आत अडीचशे बाजार आणि सगळी मिळून पाच लाख माणसं, असं त्याने लिहून ठेवलं आहे. आकडे ऐकीव असतील, ते जसेच्या तसे धरू नका. पण त्याने बादशहाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं : बुटका, सडपातळ, मोठ्या नाकाचा, वयाने वाकलेला म्हातारा, अंगात पांढरी मलमल, लोकांचे अर्ज चष्म्याशिवाय वाचून त्यांवर आपल्या हाताने शेरे मारणारा. बादशहा तेव्हा शहात्तर वर्षांचा होता.

या शहराच्या मध्यभागी लाल कापडाच्या कनातींनी घेरलेलं बादशहाचं आवार असे. त्याला गुलालबार म्हणत. बादशहाचे खासगी तंबू त्यात आणि जनानखानाही त्यातच. जनान्याच्या दाराला ड्योढी म्हणत. तिथे ख्वाजासरांचा, म्हणजे खोजांचा, पहारा असे आणि आतल्या बातम्या महलदार नावाची बाई बादशहाला पोचवत असे. अशा महलदार बायका शाहजाद्यांच्या घरांतही नेमलेल्या असत. वयात आलेल्या, मुलाबाळांच्या धनी असलेल्या शाहजाद्याच्या अंतःपुरातही बापाचा कान असे.

आता गुलालबारात कोण होतं ते पाहू. औरंगजेबाची पट्टराणी दिलरस बानू १६५७ सालीच, अकबर नावाच्या मुलाच्या जन्मानंतर महिन्याभरात, औरंगाबादला वारली होती. बीबी का मकबरा तो तिचाच. तिच्या मुलाने, आजमने, आईसाठी बांधला असं सगळे सांगतात, पण काम सुरू झालं तेव्हा आजम लहान पोर होता. हुकूम आणि पैसा बापाचाच. दुसरी बायको नवाबबाई दिल्लीतच राहिली आणि १६९१ मध्ये तिथेच वारली. दक्षिणेत सोबत होत्या त्या औरंगाबादी महल आणि उदेपुरी महल. यांतली औरंगाबादी महल १६८८ च्या अखेरीस विजापूरच्या प्लेगात गेली.

फारसी कागद वाचताना एक गोष्ट उपयोगी पडते. नावापुढे ‘बेगम’ आणि ‘महल’ हे शब्द सारखे नसतात. घराण्याशी रीतसर सोयरीक होऊन आलेली ती बेगम. ‘औरंगाबादी’, ‘उदेपुरी’, ‘जैनाबादी’ असं गावाचं नाव आणि पुढे ‘महल’ दिसलं की ती बाई दासीच्या वाटेने आत आलेली आहे, असं मी धरून चालतो, आणि अजून तरी हा ठोकताळा फसलेला नाही. बायकांची खरी नावं अखबारात जवळजवळ येतच नाहीत, किताब येतात. त्यामुळे ‘पादशाह बेगम’ दिसलं की या काळात ती दिलरस बानूची मुलगी झीनतुन्निसा समजायची.

तुमच्या मुलीच्या प्रश्नातली बेगम हीच. जन्म १६४३ चा, लग्न नाही. मोगलांत मुलींची लग्नं करतच नसत असं सर्रास सांगितलं जातं, ते या घरापुरतं तरी खोटं आहे. औरंगजेबाने १६७२-७३ च्या हिवाळ्यात आपल्या दोन मुलींची लग्नं लावली. जावई कोण, तर त्याने स्वतः ज्यांचा जीव घेतला त्या भावांचे मुलगे. झुब्दतुन्निसा दाराच्या मुलाला, सिपिहर शुकोहला दिली आणि मेहरुन्निसा मुरादच्या मुलाला, इजिदबक्षला.

या लग्नांपाशी थोडं थांबा. बाप मारायचा, मुलाला किल्ल्यात ठेवायचं आणि मग त्यालाच जावई करून घ्यायचं. आपल्याला हे अंगावर येतं. पण शाहू महाराजांचं कोडं सुटतं ते इथूनच. या घरात कैद हे नातं तुटल्याचं लक्षण नव्हतंच. नातं सांभाळण्याची, त्याला धाकात ठेवण्याची ती एक रीत होती.

पटत नसेल तर घरातली माणसं एकेक करून मोजा. बाप शाहजहान १६५८ पासून १६६६ मध्ये मरेपर्यंत आग्र्याच्या किल्ल्यात कोंडलेला. थोरला मुलगा मुहम्मद सुलतान चुलत्याला, शुजाला जाऊन मिळाला म्हणून कैदेत पडला आणि १६७६ मध्ये वारला. दुसरा मुअज्जम, पुढचा बहादुरशहा. गोवळकोंड्याच्या वेढ्यात कुतुबशहाशी गुप्त पत्रव्यवहार केला म्हणून १६८७ मध्ये बायकामुलांसकट अटकेत, तो १६९५ मध्ये सुटला. अकबराने १६८१ मध्ये बंड केलं, दुर्गादास राठोडाबरोबर पळून तो संभाजी महाराजांच्या आश्रयाला कोकणात आला आणि १६८७ मध्ये इराणकडे निघून गेला. धाकट्या कामबक्षला जिंजीच्या वेढ्यात बापाच्याच वजीराने आणि वजीरपुत्राने नजरकैद केलं. मुलींमध्ये सगळ्यात विद्वान झेबुन्निसा. भावाला, त्या बंडखोर अकबराला पत्रं लिहिली म्हणून तिला दिल्लीच्या सलीमगडात ठेवलं आणि ती १७०२ मध्ये तिथेच वारली. पाच मुलग्यांत बापाच्या किंवा बापाच्या माणसांच्या पहाऱ्यात न पडलेले दोघेच, आजम आणि पळून गेलेला अकबर.

मुअज्जमच्या कैदेचं वर्णन जवळून पाहण्यासारखं आहे. सुरुवातीचे सहा महिने त्याला केस कापायची, नखं काढायची परवानगी नव्हती. धड जेवण नाही, नेहमीचे कपडे नाहीत. नंतर एकेक सवलत मिळत गेली. आठ वर्षांनी सुटला तेव्हा पुन्हा शाहजादा म्हणून मान आणि मोठी कामगिरी. पुढे गादीवर बसला तो हाच. म्हणजे कैद पायरीपायरीने सैल होत जाई, आणि कैदी कुठल्या पायरीवर आहे ते त्याच्या जेवणावरून, कपड्यांवरून आणि तंबूच्या जागेवरून कळे. मी शाहू महाराजांचे उल्लेख वाचतो ते हीच मोजपट्टी घेऊन.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. संभाजी महाराजांना मार्च १६८९ मध्ये क्रूरपणे मारलं. रायगड पडला नोव्हेंबरमध्ये. येसूबाई राणीसाहेब आणि साडेसात वर्षांचे शाहू छावणीत आले ते नवऱ्याच्या, बापाच्या हत्येला आठ महिने झाले असताना, ज्याच्या हुकमाने ती झाली त्याच्याच दारात. ही गोष्ट मी कोणालाही, लहान मुलीलाही, सांगताना वगळत नाही. ती वगळली की पुढचं सगळं गोडगोड होऊन बसतं.

तिथे पोराला सात हजारी मनसब, म्हणजे मोगल दरबारातला हुद्दा, आणि राजा हा किताब मिळाला. बाहेरच्या सरदारांत याच्या वरचा मनसब क्वचितच कोणाला मिळे. राहायला तंबू गुलालबारातच दिला. पहारा कायम होता. पण जागा पाहा : किल्ल्याचं तळघर नाही, शाहजाद्यांना कोंडायचा ग्वाल्हेरचा किल्ला नाही, तर बादशहाच्या कनातीला कनात. बादशहाला हा मुलगा नजरेआड नको होता. मराठ्यांची गादी कोणाची, या वादातला तो त्याच्या हातातला हुकमाचा पत्ता होता. राजाराम महाराज जिंजीला होते, लढाई संपत नव्हती, आणि कधीतरी या मुलाला पुढे करून मराठ्यांत फूट पाडता येईल, हा हिशेब पहिल्या दिवसापासून दिसतो.

फारसी लिखाणात एक प्रसंग येतो. हा मुलगा शिजवलेलं अन्न खात नाही, फळं आणि मिठाईवर राहतो, असं बादशहाच्या कानावर गेलं. हिंदू माणूस कैदेत असताना शिजवलेलं खात नाही, असं कारण सांगण्यात आलं. तेव्हा, तू कैदेत नाहीस, आपल्याच घरी बसला आहेस, असं त्याला सांगा, असा निरोप बादशहाने पाठवला. मी हा प्रसंग पुन्हा पुन्हा वाचला आहे. तुमच्या मुलीचा प्रश्न त्यात जसाच्या तसा आहे. मुलगा ताटाला हात न लावता सांगतो की मी कैदी आहे. म्हातारा सांगतो की तू घरचा आहेस. आणि वर म्हटल्याप्रमाणे, म्हाताऱ्याच्या घरात या दोन्ही गोष्टी एकच होत्या.

झीनतुन्निसाचं स्थान इथे कळीचं आहे. १६८९ मध्ये ती शेहेचाळीस वर्षांची होती, बापाच्या जनान्याची कर्ती बाई. घरातल्या रुसव्याफुगव्यांत आणि राजकारणात मध्यस्थी करणं हे तिचं कामच होतं. जिंजीहून कामबक्षला बंदोबस्तात गलगल्याला आणलं, तेव्हा १६९३ मध्ये बापापुढे त्याची पहिली भेट झाली ती जनान्यात आणि बहिणीच्याच मध्यस्थीने. तीच बाई येसूबाई आणि शाहूंच्या वाट्याला आली. तिने त्यांची कदर केली, त्यांना छळ होऊ दिला नाही, यावर मराठी आणि फारसी परंपरांचं एकमत आहे. मायेने की कर्तव्याने, ते मनातलं कागदावर उतरत नाही. अठरा वर्षं एका मुलाला डोळ्यांसमोर मोठं होताना पाहिल्यावर दोन्ही एकत्र झालं असेल, असं मला वाटतं. हे माझं मत, पुरावा नाही.

घरातल्या बायकांचं वजन आधीही असंच होतं. शिवाजी महाराज १६६६ मध्ये आग्र्याला गेले तेव्हा त्यांच्याविरुद्ध बादशहाचे कान भरणाऱ्यांत जहाँआरा होती आणि वजीर जाफरखानाची बायकोही. राजस्थानी पत्रांत हे आलं आहे. सुरतेच्या जकातीचं उत्पन्न जहाँआराचं, आणि सुरत लुटलेली १६६४ ची. जाफरखानाची बायको शायिस्तेखानाची बहीण, आणि लाल महालात बोटं तुटली ती शायिस्तेखानाची. खान बादशहाचा सख्खा मामा. आपण ज्याला लाल महालाचा छापा म्हणतो, ते जनान्यात बसून पाहिलं तर भावावर झालेला वार होता.

उलट्या बाजूचं उदाहरणही मुलीला जरूर सांगा. शाहू मोगल छावणीत वाढत होते, त्याच काळात औरंगजेबाची नात, बंडखोर अकबराची मुलगी सफियतुन्निसा, मारवाडात दुर्गादास राठोडाच्या ताब्यात वाढत होती. १६९० च्या दशकात ती आजोबांकडे परत आली. आता हिला धर्माचं शिक्षण द्यायला हवं म्हणून आजोबा बाई नेमू लागले. तेव्हा नातीने सांगितलं की दुर्गादासाने अजमेरहून शिकवायला बाई आणून ठेवली होती आणि मला कुराण पाठ आहे. बादशहाचा दुर्गादासावरचा राग तिथे निवळला. शत्रूचं मूल आपल्या तंबूत नीट सांभाळायचं, ही समज दोन्हीकडे होती.

आता कशावर काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण ‘अठरा वर्षं’ असं एकसलग म्हटलं की गफलत होते. मी वहीत तीन रकाने करतो : त्या तारखेला बादशहा कुठे, ड्योढी कुठे, शाहूराजे कोणाच्या हवाली. तारखा लावतानाच पहिली ठेच लागते. अखबारावर जुलूस सन, म्हणजे बादशहाच्या राज्यारोहणापासून मोजलेलं वर्ष, असतो आणि तो रमजानच्या पहिल्या तारखेला बदलतो. हे विसरल्यामुळे सुरुवातीच्या काळात माझ्या काही नोंदी सरळ एक वर्षाने चुकल्या होत्या. रकाने नीट भरले की दिसतं, तिन्ही नेहमी एका जागी नव्हते. १६९५ पासून साडेचार वर्षं भीमाकाठी ब्रह्मपुरीला, म्हणजे माचणूरला, स्थिर तळ होता, तेव्हा सगळं घर एकत्र. ऑक्टोबर १६९९ मध्ये बादशहा किल्ले घ्यायला स्वतः निघाला, तेव्हा जनाना आणि जड सामान वजीर असदखानाच्या देखरेखीखाली तळावर मागे ठेवलं. सातारा आणि सज्जनगड घेऊन परतताना, ऑक्टोबर १७०० मध्ये, माण नदीकाठी खवासपूरला रात्री पूर छावणीत घुसला. धावपळीत म्हाताऱ्याचा गुडघा निखळला आणि तो जन्माचा लंगडा झाला. अशा मुक्कामांवर घरातलं माणूस किती सोबत होतं, ते मोहिमेगणिक बदलतं.

शाहूंच्या हवालीचंही तसंच. १७०३ च्या सुमारास त्यांना पुढे करून मराठ्यांशी बोलणी चालली ती कामबक्षमार्फत. १७०६ मध्ये त्यांना असदखान वजीराचा मुलगा, सेनापती झुल्फिकारखान, याच्या गोटात दिलं. म्हणजे सुरुवातीला बादशहाच्या कनातीलगतचं मूल आणि शेवटी सेनापतीच्या हातातलं राजकीय प्यादं. ‘पोटच्या पोरासारखं’ हे वर्णन पहिल्या टप्प्याला जास्त लागू पडतं.

संभाजी महाराज आणि बेगमेच्या प्रेमकहाणीला समकालीन कागदांत काडीचा आधार नाही. झेबुन्निसा आणि शिवाजी महाराजांच्या कहाणीलाही नाही. बेगमेने शाहूंवर माया का केली, याला कारण हवं म्हणून लोकांनी मागाहून ते रचलं असावं. मुलीला निबंधात हे लिहू देऊ नका. बखरी वाचू दे, पण चिटणीसांची बखर या घटनांनंतर शतकभराने लिहिलेली आहे, हे समासात टिपून ठेवायला सांगा.

शेवट कसा झाला तेही सांगायला हवं. जानेवारी १७०६ मध्ये बादशहा अहमदनगरला आला. त्याच सुमारास बहीण गौहरआरा दिल्लीत वारली. शाहजहानच्या मुलांत आम्ही दोघंच उरलो होतो, असं तो म्हणत राहिला. मृत्यूच्या काही दिवस आधी त्याने कामबक्षला विजापूरकडे आणि आजमला माळव्याकडे पाठवून दिलं, दोघं समोरासमोर येऊ नयेत म्हणून. कामबक्षला लिहिलेल्या शेवटच्या पत्रात, तुझी आई उदेपुरी आजारपणात माझ्यापाशी आहे आणि माझ्यामागून येऊ म्हणते आहे, असा मजकूर आहे. ३ मार्च १७०७ ला तो गेला. त्याच वर्षी उदेपुरीही गेली. झीनतुन्निसा पुढे दिल्लीत १७२१ पर्यंत जगली.

आजमने मे १७०७ मध्ये, उत्तरेकडे जाताना, भोपाळजवळ दोराह्याला शाहू महाराजांना सोडलं. पण येसूबाईंना आणि घरच्या इतरांना ओलीस म्हणून ठेवून घेतलं. सुटलेला मुलगा दक्षिणेत आला तो पंचवीस वर्षांचा होऊन. खुलताबादला बादशहाच्या उघड्या, साध्या कबरीच्या दर्शनाला तो पायी गेला. तिथे उभा असताना त्याची आई मोगलांच्याच ताब्यात होती. बाळाजी विश्वनाथ तिला सोडवून साताऱ्याला घेऊन आले ते १७१९ मध्ये.